खरवडलेलं एप्टेशिया म्हणजे फुकटचा चारा नव्हे

खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळणाऱ्यांत एक सल्ला सध्या जोरात फिरतोय. टाकीत एप्टेशिया, म्हणजे दगडांवर भराभर पसरणारं उपद्रवी समुद्रफूल (सी ॲनिमोनी), माजलंय ना, मग औषधं कशाला? ब्लेड घ्या, दगडावरून खरवडून काढा आणि घरी वाढवलेल्या बर्घियांना, म्हणजे एप्टेशिया खाणाऱ्या बिनशंखाच्या समुद्री गोगलगाईंना घाला. टाकी साफ झाली आणि गोगलगाईंचं पोटही फुकटात भरलं. त्याला वर पुरवणीही जोडलेली असते: उपद्रवी समुद्रफूल कुठलंही चालतं, जितकं मोठं तितकं चांगलं, आणि एप्टेशिया संपलं तरी बर्घिया दुसरं काहीबाही खाऊन जगते.

यातला खरा भाग आधी मान्य करतो, कारण सुरुवातीला मीही साधारण हेच करत होतो. तोडून घातलेलं एप्टेशिया बर्घिया आवडीने खाते. बर्घियाची पैदास करणारा प्रत्येक जण कुठून तरी एप्टेशिया काढूनच तिला घालतो. तेव्हा काढण्याला माझा विरोध नाही. ते कुठून काढायचं आणि काढल्यावर मागे काय उरतं, इथे हा सल्ला घसरतो.

पहिला मुद्दा, ‘खरवडलं की टाकी साफ होते’. एप्टेशियाची वाढ कशी होते हे ज्याने बघितलंय तो असं म्हणणार नाही. हे समुद्रफूल काचेवर हळूहळू सरकतं तेव्हा त्याच्या पायाच्या कडेचे बारीक तुकडे मागे राहतात. ते तुकडे आकसून गोल होतात आणि काही दिवसांत प्रत्येकाला स्पर्शक फुटतात. म्हणजे कोणी हात न लावताही ते आपलं आपण वाढतच असतं. त्यात आपण ब्लेड फिरवणार, तेही लाइव्ह रॉकवर, म्हणजे टाकीतल्या जीव वसलेल्या सच्छिद्र दगडावर, जिथे दर बोटावर एक भोक. स्पर्श झाला की एप्टेशिया झटकन आक्रसतं आणि अर्धं भोकात जातं. आपल्या हातात येतो वरचा देठ आणि पाया बसतो दगडातच. वरून पंप चालू असेल तर सुटलेले तुकडे टाकीभर फिरतात. मी एका दगडावरची पाच-सहा फुलं अशीच काढली होती. महिनाभराने तोच दगड मोजायला घेतला आणि मोजणं अर्ध्यावर सोडून दिलं.

याच्या उलट टोकाची अतिशयोक्तीही ऐकू येते, की एका पेशीतून नवं एप्टेशिया उगवतं. एवढं घाबरायचं कारण नाही. खरा धोका पायाकडच्या तुकड्याचा. पण ब्लेडने नेमका तोच मागे राहतो. म्हणून दिखाऊ टाकीतलं एप्टेशिया कमी करायचं असेल तर गोगलगाईच टाकीत सोडाव्यात. ती रात्री बाहेर पडते, भोकात शिरते आणि पायासकट खाते. जिथे ब्लेड पोचत नाही तिथे ती पोचते. तेच काम आपण हातात घेऊन वर तिलाच चारा म्हणून परत द्यायचं, ही उलटी गंगा आहे.

‘ताजं, थेट टाकीतलं, म्हणजे सगळ्यात सुरक्षित.’ माझं सगळ्यात मोठं भांडण याच वाक्याशी आहे, कारण गोगलगाईंच्या पैदाशीचे डबे इथेच नासतात. दिखाऊ टाकीतला एक तुकडा कधीच एकटा येत नाही. त्याच्या चिकटपणात ब्रिसलवर्म या केसाळ किड्यांची पिल्लं, चपटे किडे, हायड्रॉइड (समुद्रफुलांचेच बारीक डंखणारे नातेवाईक), बारीक कवचधारी, काहीही येऊ शकतं. मोठ्या टाकीत ही मंडळी आपापल्या जागी असतात, त्यांना खाणारेही असतात. चार बोटं पाण्याच्या डब्यात त्यांना अडवणारं कोणी नसतं.

बर्घिया अंडी घालते ती पांढऱ्या दोऱ्याच्या वेटोळ्यासारखी, डब्याच्या भिंतीला चिकटवून. साधारण दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात. ती अंड्यातल्या बलकावर वाढलेली असल्यामुळे त्यांना सूक्ष्म शेवाळ भरवत बसावं लागत नाही. ही गोगलगाय घरात वाढवता येते ती मुख्यतः या एका गोष्टीमुळे. माझ्या एका डब्यात असं सुरेख वेटोळं होतं, सहा-सात दिवसांचं. आदल्या दिवशी मी टाकीतले चार तुकडे न धुता घातले होते. रात्री टॉर्च मारला तर वेटोळ्याच्या एका टोकाला केसाएवढा किडा तोंड खुपसून बसलेला. सकाळी भिंतीवर नुसता पांढुरका डाग उरला होता.

किड्यांपेक्षा वाईट म्हणजे टाकीचा इतिहास. त्या टाकीत कधी तांब्याचं औषध पडलंय का? फुलं मारायला कुठलं द्रावण टोचलंय का? तांबं माशांना ठरावीक मात्रेत सोसतं, पण गोगलगाय, कोळंबी असल्या अपृष्ठवंशी जीवांना फार थोडं तांबंही घातक ठरतं. शिवाय ते दगडात मुरून बसतं. आणि द्रावण टोचून अर्धमेलं झालेलं फूल चारा म्हणून घालणं म्हणजे विषाची परीक्षा. अशा टाकीतला तुकडा मी धुऊनसुद्धा घेत नाही.

मेलेल्या तुकड्याचंही तसंच. खरवडताना चेंदामेंदा झालेलं एप्टेशिया डब्यात पडलं की कुजायला लागतं आणि एवढ्याशा पाण्यात अमोनिया चढायला वेळ लागत नाही. रात्रभरात खाऊन होईल तेवढंच घालावं आणि सकाळी उरलंसुरलं पिचकारीने ओढून काढावं.

‘कुठलंही समुद्रफूल चालतं’, हे सरळ चूक. उपद्रवी म्हणून नाव घेतलं जातं असं दुसरं फूल म्हणजे माजानो. त्याचे स्पर्शक आखूड, टोकाला फुगीर, बऱ्याचदा हिरवट. एप्टेशियाचे लांब, बारीक, टोकदार, तपकिरी काचेसारखे. बर्घिया माजानोला तोंड लावत नाही. तिचं सगळं शरीर एका खाद्याभोवती बेतलेलं आहे. एप्टेशियाच्या दंशपेशी ती न फुटू देता गिळते आणि पाठीवरच्या बोटांसारख्या फुगवट्यांच्या टोकांत स्वतःच्या बचावासाठी साठवून ठेवते. (ज्या जातीला आज आपण बर्घिया स्टेफनिई म्हणतो तिचं शास्त्रीय वर्णनच 2005 सालचं, फ्लोरिडातल्या नमुन्यांवरून केलेलं. त्याआधी बरीच वर्षं हौशी लोक तिला भलत्याच, युरोपकडच्या जातीच्या नावाने ओळखत. त्यामुळे जुन्या सल्ल्यांत नावांचा घोळ दिसला तर दचकू नका.)

‘जितकं मोठं तितकं चांगलं’ हेही नाही. मोठं एप्टेशिया चिडलं की अंगातून पांढरे डंखाचे धागे बाहेर फेकतं, आणि लहान बर्घिया स्पर्शकांच्या तावडीत सापडली तर तीच गिळली जाते. पिल्लांना टाचणीच्या डोक्याएवढी फुलं द्यावीत. मोठ्या गोगलगाई तीन-चार मिळून एका फुलावर तुटून पडतात, तेव्हा मध्यम आकार पुरतो.

आणि शेवटचं, ‘दुसरं काहीतरी खाऊन जगते’. नाही जगत. गोठवलेली कोळंबी, माशांच्या गोळ्या, शेवाळ, यातलं काही तिच्या उपयोगाचं नाही. उपाशी बर्घिया ओळखायला भिंग लागत नाही: पाठीवरच्या फुगवट्यांचा तपकिरी रंग हा खाल्लेल्या एप्टेशियातल्या शैवालाचा असतो, तो उतरत जातो, अंग काचेसारखं पांढुरकं होतं आणि लांबीही कमी होते.

इथेच त्या ‘फुकट’चाही हिशेब लागतो. टाकीतलं एप्टेशिया कितीही दिसलं तरी भुकेल्या पिल्लांची एक पिढी ते संपवते. बर्घिया पाळायची म्हणजे आधी एप्टेशिया पाळायचं. मी दोन पसरट डबे वेगळे ठेवले आहेत. दगड नाही, वाळू नाही, तळ गुळगुळीत. एप्टेशियाच्या अंगात शैवाल असल्यामुळे वर दिवा हवा. आठवड्यातून दोनदा अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली आर्टेमियाची (कोळंबीसारख्या बारीक जीवाची) पिल्लं घालतो आणि दुसऱ्या दिवशी थोडं पाणी बदलतो. काढताना जुन्या प्लास्टिक कार्डाची कड पायाखाली सरकवली की फूल अख्खं सुटतं. तळाला थोडा पाया राहिलाच तर मी हात लावत नाही, कारण दोन-तीन आठवड्यांत तिथेच पुढची फुलं उभी राहतात. दगडावर जी खोड नकोशी, तीच इथे हवी असते. सुटलेली फुलं स्वच्छ खाऱ्या पाण्यात दोनदा खळबळून मगच गोगलगाईंच्या डब्यात जातात. या डब्यांतलं पाणी मोठ्या टाकीत कधीच जात नाही, आणि पिचकारीही वेगळी.

मधे प्रवासामुळे महिनाभर डब्यांकडे बघायला जमलं नाही आणि फुलं विरळ झाली. तेव्हा मोठ्या टाकीतून काढायचा मोह झाला होता. त्याऐवजी अकरा गोगलगाई एका मित्राकडे दिल्या. त्याच्या टाकीत मागची अख्खी काच तपकिरी फुलांनी भरलेली होती, गोगलगाई खाणारी कोळंबी नव्हती आणि किडे टिपणारा एकही मासा नव्हता. दिवे मालवून आम्ही त्या एकेक करून काचेपाशी सोडल्या.