नंबर विचारला म्हणून डॉक्टरांचा मान जात नाही

डॉक्टरांना नोंदणी क्रमांक विचारला की त्यांचा अपमान होतो, असं अमळनेरच्या आमच्या घरात जवळजवळ सगळ्यांचं मत आहे. आप्पांचे खालचे दात बसवायचे ठरले, कोणीतरी जळगावचा एक दवाखाना सुचवला. मी इंग्लंडमधल्या लेस्टरहून एवढंच लिहिलं की जाण्याआधी डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर विचारून घ्या. त्यावरून घरच्या ग्रुपवर वाद पेटला. "डॉक्टरले कोनी सर्टिफिकेट इचारस का?" असं मोठा भाऊ म्हणाला. त्या डॉक्टरांचे सासरे पारोळ्याच्या मामांच्या ओळखीचे आहेत, अजून काय पाहिजे, असं वहिनीचं म्हणणं. तिकडे राहून तुला इकडचं सगळं खोटं वाटायला लागलं, हेही ऐकून घ्यावं लागलं. हे शेवटचं वाक्य मात्र मला मान्य नाही.

कारण दातांच्या बाबतीत इंग्लंडचं कौतुक करावं अशी परिस्थितीच नाही. सरकारी योजनेतून उपचार देणारे कितीतरी दवाखाने नवीन मोठ्या माणसांना घेतच नाहीत. दुखणं सहन न होऊन लोकांनी घरीच पकडीने दात उपटल्याच्या बातम्या इथल्या वर्तमानपत्रांत येऊन गेल्या आहेत. नंबर लागलाच, तर कॅप किंवा कवळीच्या उपचाराचा सरकारी दर एप्रिल २०२५ मध्ये ३२६ पौंड ७० पेन्स झाला. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर बसवलेला दात, सरकारी योजनेत सहसा बसत नाही. खासगीत एका दाताचेच दोन हजार पौंडांच्या पुढे जातात. म्हणून इथले गोरे शेजारी दात करायला तुर्कस्तानला जातात आणि आपली माणसं गावी. लग्न, कानबाईचा सण, शेतातलं भरीत, यांच्या जोडीला सुट्टीच्या यादीत दातांचा डॉक्टरही असतो. अमळनेरला सकाळी दात ठणकला तर संध्याकाळी खुर्चीत बसता येतं, आणि डॉक्टर आपल्या भाषेत बोलतात. याची किंमत घरच्यांना कळत नाही, मला कळते.

पण इंग्लंडमधली एक गोष्ट मला मनापासून आवडते, आणि तिला पैसा फारसा लागत नाही. जनरल डेंटल कौन्सिल या दंतवैद्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थेची नोंदवही सगळ्यांसाठी खुली आहे. डॉक्टरांचं आडनाव किंवा क्रमांक फोनवर टाकला की ते नोंदलेले आहेत का, पदवी कोणती, पहिल्यांदा नोंद कधी झाली, कामावर काही अटी आहेत का किंवा निलंबन झालंय का, हे समोर येतं. फक्त डॉक्टरच नाही, खुर्चीशेजारी उभी असलेली नर्स, दात साफ करणारी हायजिनिस्ट आणि कवळी बनवणारा तंत्रज्ञ यांचीही नोंद त्यात लागते. कोणी ही नोंदवही पाहिली म्हणून डॉक्टरांना राग आल्याचं मी इथे कधी ऐकलं नाही. फसवणारे इथेही आहेतच. ब्यूटी सलूनमध्ये दात पांढरे करून देण्याचा धंदा इतका वाढला, की ते दंतवैद्यकाचंच काम आहे आणि नोंदणी नसलेल्याने करणं गुन्हा आहे, हे २०१३ मध्ये इथल्या हायकोर्टाला सांगावं लागलं.

भावाला मी हे लिहिलं तर तो म्हणाला, आपल्याकडे असं काही नसतं. असतं. दंतवैद्यांचा कायदा आपल्याकडे १९४८ सालीच आला, राज्याची दंत परिषद आहे, तिची नोंदवही आहे. दंतवैद्यांसाठी २०१४ मध्ये आलेल्या आचारसंहितेत स्पष्ट म्हटलंय की नोंदणी क्रमांक दवाखान्यात दिसेल असा लावावा आणि चिठ्ठी, दाखला, पावती या प्रत्येकावर छापावा. म्हणजे वहिनीला ज्याची लाज वाटते तो प्रश्न विचारण्याची वेळच खरं तर यायला नको. नंबर भिंतीवर असला पाहिजे. नसेल तर तो का नाही, हे विचारण्यात संकोच कसला?

पदवीशिवाय बाजारात बसून दात बसवणाऱ्या 'दातवाले' लोकांचा मान आपल्याकडे कुठून आला, तेही समजून घेतलं पाहिजे. १९४८ च्या कायद्याने नोंदवहीचे दोन भाग केले. पहिला पदवीवाल्यांचा. दुसरा अशांचा, ज्यांच्याकडे पदवी नव्हती पण निदान पाच वर्षं ज्यांचं पोट याच कामावर चाललं होतं. त्या काळात ते योग्यच होतं, कारण शिकलेले दंतवैद्य होते किती? पण ती सवलत त्या माणसांपुरती होती. मुलाला आणि नातवाला ती वारशाने मिळत नाही. बाजाराच्या दिवशी पेटी उघडून बसणाऱ्याला "यांच्या आजोबांपासून हेच काम आहे" म्हणून आपण तोंड उघडून दाखवतो, तेव्हा हा फरक आपल्या लक्षात येत नाही.

माझ्या एका काकूंनी असाच पुढचा एक दात बाजारात बसवून घेतला होता. कवळी काढता-घालता येते, हा दात निघत नव्हता. गुलाबी मसाला थेट हिरडीवर थापून, शेजारच्या दोन दातांना तारेने बांधून तो घट्ट केलेला. दिसायला छान होता. काकू पहिल्यांदा हसल्या तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. पण त्या मसाल्याखाली ब्रश जात नाही, भाकरीचा कण अडकला की तिथेच कुजतो. हिरडी सुजली, वास येऊ लागला, आणि अखेर धुळ्याच्या डॉक्टरांनी तो काढला तेव्हा शेजारचे दोन चांगले दातही हलत होते. एका दाताच्या जागी तीन गेले.

आपल्या भागात याहून मोठी भीती तोंडाच्या कॅन्सरची आहे. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ ची, पण पुडी, तंबाखू आणि बायकांची मशेरी घरोघर आहे. शिकलेला दंतवैद्य दात बघण्याआधी गालाच्या आत पांढरा चट्टा आहे का ते पाहतो, जीभ बाजूला ओढून बघतो, तोंडात तीन बोटं उभी मावतात का ते तपासतो. तोंड कमी उघडू लागलं असेल तर कॅपची घाई बाजूला ठेवून पुढच्या तपासणीला पाठवतो. हे करायला पाच वर्षांचं बीडीएसचं शिक्षण लागतं. ज्याला फक्त दात बसवता येतो, तो तेवढाच बसवून देतो आणि चट्टा तसाच राहतो.

वहिनीची बाजूही मी सोडून देत नाही. हात हलका आहे का, विनाकारण रूट कॅनाल सांगतो का, दुखलं तर रात्री फोन उचलतो का, हे कुठल्याही नोंदवहीत लिहिलेलं नसतं. ते मामांच्या ओळखीतूनच कळतं. लेस्टरमध्ये मला असे मामा नाहीत, आणि त्याची उणीव मला जाणवते. पण ओळखीच्या घरातला माणूस म्हणजे नोंदणी असणारच, हे गृहीत धरणं चूक आहे. आधी नंबर, मग ओळख.

हे काम सोपं करणं दंत परिषदेच्या हातात आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने २०२५ मध्ये डॉक्टरांची माहिती रुग्णाला फोनवर पाहता यावी म्हणून क्यूआर कोड आणला. त्यावर बातम्या भरपूर आल्या, पण दंतवैद्यांची परिषद वेगळी आहे, म्हणून तो कोड त्यांच्यासाठी नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. २०२३ च्या राष्ट्रीय दंत आयोग कायद्यात देशभराच्या एका नोंदवहीची तरतूद आहे. ती मराठीत शोधता आली पाहिजे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं, किंवा डॉक्टरबाईंची नोंद माहेरच्या नावाने असली, की चोपड्याच्या आजीच्या नातवाला नाव सापडत नाही आणि उगाच संशय येतो. म्हणून सध्या तरी नाव शोधत बसण्यापेक्षा नंबर मागणं बरं.

परदेशातून सुट्टीत येऊन दात करणाऱ्यांसाठी आणखी थोडं. इम्प्लांट हाडात पक्का व्हायला सहसा तीन ते सहा महिने लागतात. दोन आठवड्यांत सगळं करून देतो म्हणणाऱ्याला आधी विचारा, त्या स्क्रूवरचा दात कधी आणि कोण बसवणार. अवजारांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. नीट निर्जंतुक झालेल्या पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदललेला असतो. एक्स-रे मागून घ्या. आणि इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, माप आणि बॅच नंबर असलेलं छोटं स्टिकर असतं, ते आपल्या फाइलला चिकटवून आणा. इकडे स्क्रू सैल झाला तर तो कोणत्या कंपनीचा आहे हे कळल्याशिवाय इथल्या डॉक्टरांना योग्य चावी मिळत नाही.