'डिड यू अंडरस्टँड?'

नोकरीला लागून सहाच महिने झाले होते. पुण्याहून मँचेस्टरच्या क्लायंटशी कॉल होता. पंधरा मिनिटं मी बिलिंगची नवी स्क्रीन समजावली आणि शेवटी अगदी आपुलकीने विचारलं, "डिड यू अंडरस्टँड?" पलीकडे माझ्या दुप्पट वयाच्या बाई. दोन सेकंद शांतता. मग गोड आवाजात, "आय थिंक आय जस्ट अबाउट मॅनेज्ड, थँक यू." मी खूश! कॉल संपल्यावर आमच्या लीडने कपाळाला हात लावला, तेव्हा कळलं की ती चपराक होती.

व्याकरणात काही चुकलं नव्हतं. 'कळलं का?' हे आपण रिक्षावाल्यापासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांना विचारतो (सासूबाईंना जरा बेताने). मराठीत 'मला' कळतं. भूक लागते, थंडी वाजते, तसं कळतं. नाही कळलं तर त्यात माझा काय दोष? इंग्रजीत मात्र 'यू' कर्ता होऊन समोर उभा राहतो. समजून घेणं त्याचं काम, आणि ते जमलं का हे तपासणारी मी मास्तरीण.

म्हणून ते लोक 'डज दॅट मेक सेन्स?' विचारतात. किंवा 'हॅव आय एक्स्प्लेन्ड दॅट क्लिअरली?' इथे परीक्षा माझी, ऐकणाऱ्याची नाही. 'इज दॅट क्लिअर?' दिसायला तसंच, पण आवाज जरा चढला की दटावणी. 'ॲम आय क्लिअर?' तर थेट भांडणातलंच.

आपली आणखी एक खोड म्हणजे 'आय हॅव अ डाउट'. शाळेत 'काही शंका?' ऐकून मोठे झालो, त्या शंकेचा आपण सरळ डाउट केला. भारतात हे सगळ्यांना कळतं, मला त्यात काही गैर वाटत नाही. पण इंग्लंडातल्या माणसाला वाटतं, हिचा माझ्या बोलण्यावर विश्वासच नाही. तिथे 'कॅन आय जस्ट चेक समथिंग?' म्हटलं की काम होतं.

उत्तर देणाऱ्यांचीही गंमत आहे. 'गॉट इट' मित्राला ठीक. 'आय हिअर व्हॉट यू आर सेइंग' असं ब्रिटिश माणूस म्हणाला तर हुरळून जाऊ नका, मागून 'बट' येतोच. आणि नुसत्या 'ओके'ची तर मला भीतीच वाटते. 1977 मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर, विमानतळाच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानं धडकून 583 माणसं गेली. 'वुई आर नाऊ ॲट टेक-ऑफ' असं धावू लागलेल्या एका विमानातून सांगितलं गेलं, नियंत्रकाला वाटलं ते थांबलेत, आणि तो 'ओके' म्हणाला. पुढचं 'थांबा' रेडिओच्या खरखरीत नीट ऐकूच गेलं नाही. कारणं इतरही होती, पण त्यानंतर विमानवाल्यांच्या बोलण्याचे नियम कडक झाले. परवानगी मिळाली की 'ओके' पुरत नाही, ऐकलेलं परत म्हणून दाखवावं लागतं.

ही युक्ती आमच्या आईला कोणी शिकवली देव जाणे. परवा फोनवर कैरीच्या लोणच्याची कृती सांगत होती.
"कळलं का गं?"
"हो."
"काय कळलं, सांग बरं."
"कैरीला मीठ, हळद, मोहरीची डाळ, मेथ्यांची पूड. मग वरून फोडणी ओतायची."
"कशी?"
"...गरम?"
"अगं बाई," एवढंच म्हणाली आणि पुन्हा कैऱ्या धुण्यापासून सुरुवात केली.