‘फोन आहे ना, मग होकायंत्र कशाला?’ या मेसेजला उत्तर

पावसाळी ट्रेक सुरू झाले की एक मेसेज ग्रुपांमधून फिरायला लागतो. हिवाळ्यात कॉलेजांच्या जिऑलॉजी टूर निघाल्या की तोच पुन्हा येतो. त्यात म्हटलेलं असतं ते थोडक्यात असं: फोनमध्ये कंपास असतो, वेगळं होकायंत्र घेऊ नका, सह्याद्रीच्या दगडात लोह आहे, तिथे होकायंत्र चालतच नाही, घ्यायचंच असेल तर सगळी सारखीच, स्वस्तातलं घ्या, आणि मजबूत हवं असेल तर लष्करी पद्धतीचं धातूचं घ्या, ते ट्रेकलाही चालतं आणि जिऑलॉजीच्या फिल्डवर्कलाही. पहिल्यांदाच डोंगरात जाणारी मुलं यावर विश्वास ठेवून खरेदी करतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिली दोन विधानं एकमेकांना छेद देतात. फोन एका जागी धरून उभं राहिल्यावर तो जी दिशा दाखवतो ती जीपीएसवरून येत नाही. फोनमधला छोटा चुंबकीय सेन्सर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजतो, म्हणजे सुई ज्याला प्रतिसाद देते तेच. दगडामुळे सुई फसत असेल तर फोनही फसणार. शिवाय या सेन्सरच्या शेजारीच स्पीकरचं लोहचुंबक असतं आणि कव्हरला चुंबकाची पट्टी असेल तर आणखी भर पडते. फोन आठच्या आकड्यासारखा फिरवून कॅलिब्रेट करावा लागतो तो याचसाठी. फोनच्या जमेच्या बाजू आहेतच. नकाशा आधी उतरवून ठेवला तर रेंज नसतानाही आपण कुठे आहोत ते जीपीएस सांगतं. खडकाचा उतारही फोन चांगला मोजतो, कारण ते काम गुरुत्वावर चालणाऱ्या सेन्सरचं आहे. कच्ची बाजू आहे ती दिशेची, आणि होकायंत्र हवं असतं ते दिशेसाठीच. धुक्यात, ओल्या बोटांनी, संपत आलेल्या बॅटरीवर ती बाजू आणखी कच्ची होते.

आता बेसाल्टबद्दल, म्हणजे लाव्हापासून बनलेल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाबद्दल. या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणूनच तो पटकन पटतो. दख्खनच्या लाव्हात मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजं आहेत. लाव्हा थंड होताना त्या काळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा त्यांत गोठली. तीच वाचून १९५६ साली क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या संशोधकांनी भारत उत्तरेकडे सरकत आल्याचा पुरावा मांडला. ज्या खडकातून एवढं कळतं तो सुईला त्रास देणारच, पण किती आणि कुठे हे पाहायला हवं. दगडाचा परिणाम अंतराबरोबर झपाट्याने कमी होतो. होकायंत्र कातळावर टेकवून वाचलं तर सुई भरकटू शकते. तेच उभं राहून छातीजवळ धरलं की बहुतेक ठिकाणी ताळ्यावर येते. आपल्याकडे आणखी एक सोय आहे. सुईला वळवणारा क्षेत्राचा आडवा भाग अलिबागेत सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आहे, लंडनकडे त्याच्या जवळपास निम्मा. तेवढाच चुंबकीय दगड इथल्या सुईला कमी हलवतो.

खरी भीती असते ती शिखरांवरच्या उघड्या कातळांची. वीज पडून तिथला खडक जागोजागी तीव्र चुंबकित झालेला असतो. अशा ठिकाणी एकाच रीडिंगवर विसंबू नये. इथून समोरच्या खिंडीची दिशा ७० अंश आली, तर खिंडीत पोचल्यावर मागे वळून या जागेची दिशा २५० यायला हवी. ती २४० आली तर दोनपैकी एका जागी सुई फसलेली आहे. थोडं बाजूला सरकून पुन्हा मोजायचं. गोव्यात किंवा सिंधुदुर्गातल्या रेडीच्या पट्ट्यात लोहखनिजाच्या थरांवर काम असेल तर मात्र सुई बाजूला ठेवून सूर्याच्या सावलीवरून किंवा नकाशावरच्या ओळखीच्या खुणांवरून दिशा काढणंच बरं. माणसाने आणलेलं लोखंड तर याहून जास्त गोंधळ घालतं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतलं चुंबकीय मापन १९०४ साली अलिबागला हलवावं लागलं. हातातलं कडं, खिशातला फोन आणि जिऑलॉजीचा हातोडा रीडिंग घेताना दूर ठेवायलाच हवेत.

‘सगळी सारखीच’ हे विधान सर्वांत जास्त नुकसान करतं. सुई फक्त आडवी वळत नाही, ती खालीही झुकते. स्वीडन-फिनलंडमध्ये हा झुकाव ७० अंशांहून जास्त, मुंबई-पुण्याकडे २५ ते ३०, आणि केरळच्या दक्षिण टोकाशी जवळजवळ शून्य. त्यामुळे उत्तर युरोपसाठी तोललेली सुई इथे दक्षिण टोकाने खाली कलते आणि डबीला घासू शकते. घेताना ती कोणत्या पट्ट्यासाठी तोललेली आहे ते विचारा. कुठेही चालणारी ग्लोबल सुई मिळाली तर उत्तमच. होकायंत्राची डबी ज्यावर बसवलेली असते त्या, नकाशावर ठेवायच्या पारदर्शक पट्टीवर कोणतं प्रमाण छापलंय तेही बघा. आपल्या टोपोशीटवर (सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर) २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, म्हणजे १:५०,०००. अमेरिकेसाठी बनवलेल्या कित्येक पट्ट्यांवर १:२४,००० असतं, ते इथे निरुपयोगी. चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक जुळवायच्या स्क्रूसाठी जास्त पैसे मोजायची महाराष्ट्रात गरज नाही, हा फरक इथे एक अंशही भरत नाही. सिएटलकडे राहून डोंगर चढणाऱ्या मराठी मंडळींना मात्र तो स्क्रू हवाच. तिथे फरक १५ अंशांच्या घरात आहे, म्हणजे किलोमीटरभर चालल्यावर अडीचशे मीटरची चूक.

लष्करी झाकणाच्या होकायंत्राबद्दल थोडक्यात. अस्सल असेल तर दिशा उत्तम दाखवतं, पण बाजारात भरलेल्या नकलांची तबकडी अडकते, नकाशावर ठेवून कोन काढायला पारदर्शक पट्टी नसते, आणि खडकाचा उतार मोजायची सोय नसते. हे शेवटचं जिऑलॉजीच्या मुलांसाठी निर्णायक आहे. सिंधुदुर्गात ‘कलादगी’ नावाच्या प्राचीन खडकगटातल्या वालुकाश्माच्या थरावर काय करावं लागतं ते बघा. पृष्ठभाग खडबडीत, म्हणून आधी त्यावर वही ठेवायची. ब्रंटनची (दिशा आणि उतार दोन्ही मोजणाऱ्या जिऑलॉजीच्या होकायंत्राची) कड वहीला भिडवून गोल बुडबुडा मधोमध आणायचा आणि सुई वाचायची, हा स्ट्राइक, म्हणजे थरावरच्या आडव्या रेषेची दिशा. मग त्या रेषेला काटकोनात ब्रंटन उभा धरून, मागची तरफ फिरवत लांबट नळीतला बुडबुडा मध्यावर आणायचा, हा डिप, म्हणजे थराच्या उताराचा कोन. ब्रंटनच्या तबकडीवर पूर्व-पश्चिम अदलाबदल करून छापलेली असते, त्यामुळे सुईचं टोक जिथे असेल तोच आकडा थेट वहीत उतरवता येतो. ज्यांना दिवसाला ढीगभर रीडिंग घ्यायची आहेत त्यांच्यासाठी ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एबरहार्ड क्लार यांच्या रचनेचं होकायंत्र याहून वेगवान: झाकण थरावर टेकवलं की उताराची दिशा आणि कोन एकदमच मिळतात. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने एवढा खर्च करू नये. आरसा आणि क्लायनोमीटर (उतार मोजायची सोय) असलेलं पारदर्शक पट्टीचं होकायंत्र घ्यावं, तेच ट्रेकलाही चालतं.

दुकानात काउंटर लोखंडी असतो, तेव्हा होकायंत्र हातात घेऊन दाराशी या. सुई स्थिर होऊ द्या, आकडा बघा. लोखंडी किल्ली जवळ नेऊन सुई हलवा, किल्ली दूर करा आणि ती त्याच आकड्यावर परत येते का ते चार-पाच वेळा पाहा. मग डबी थोडी तिरकी करून हेच पुन्हा करा. दरवेळी वेगळा आकडा आला, किंवा सुई अडखळत थांबली, तर ते होकायंत्र परत देऊन दुसरं मागा.