अर्लपद नाकारणारा खासदार, यादीतून आलेला आमदार

नोव्हेंबर १९९४ च्या अखेरीस ब्रिटनमधील एका खासदारापुढे पेच उभा राहिला. एडिनबरा वेस्टचे हुजूर पक्षाचे खासदार लॉर्ड जेम्स डग्लस-हॅमिल्टन यांचे काका, सेलकर्कचे दहावे अर्ल, निपुत्रिक वारले आणि अर्लपद पुतण्याकडे चालून आले. लॉर्ड जेम्स यांच्या नावामागील ‘लॉर्ड’ केवळ ड्यूकचा धाकटा मुलगा म्हणून लागलेले होते, त्यामुळे कॉमन्समध्ये बसायला त्यांना आडकाठी नव्हती. अर्लपदाचे, म्हणजे उमराव सभेत नेणाऱ्या वंशपरंपरागत पदाचे, तसे नव्हते. ते स्वीकारले की खासदारकी जाणार आणि पोटनिवडणूक होणार, आणि ही जागा त्यांनी १९९२ मध्ये अवघ्या ८७९ मतांनी राखली होती. त्याच सुमारास युरोपविषयक विधेयकावरून बंड करणाऱ्या आठ खासदारांना पक्षाने बाहेर ठेवल्यामुळे जॉन मेजर यांचे सरकार काठावर आले होते. वारसाने आलेले पद नाकारायला १९६३ च्या कायद्याने खासदाराला एक महिन्याची मुदत मिळते. लॉर्ड जेम्स यांनी ती संपण्याची वाट पाहिली नाही. काही दिवसांतच पद नाकारले.

ही गोष्ट थोर त्यागाची म्हणून सांगितली जाते, आणि ते मला मान्य नाही. नाकारलेले पद फक्त नाकारणाऱ्याच्या हयातीपुरते सुटते. मुलाचा हक्क अबाधित राहतो. शिवाय १९९७ मध्ये निवडणूक हरल्यावर त्याच वर्षी त्यांना तहहयात उमरावपद मिळाले आणि ते उमराव सभेत जाऊन बसले. तेव्हा १९९४ चा निर्णय पक्षनिष्ठेचा आणि व्यवहाराचा होता, एवढेच मी म्हणेन. त्यांची खरी परीक्षा पुढे, १९९९ ते २००७ या आठ वर्षांत, स्कॉटिश संसदेत झाली, असे मला वाटते. या आठ वर्षांविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

घराणे कोणते, हे आधी सांगायला हवे. हॅमिल्टनचे ड्यूक स्कॉटलंडच्या सरदारांत अग्रमानाचे. एडिनबराच्या होलीरूड राजवाड्याचे ते वंशपरंपरागत रक्षक. लॉर्ड जेम्स यांचे वडील, चौदावे ड्यूक, १९३३ मध्ये एव्हरेस्टवरून विमान नेणाऱ्या पहिल्या वैमानिकांपैकी एक होते, आणि ते उड्डाण आपल्या बिहारमधील पूर्णियाहून झाले होते. १९४१ मध्ये हिटलरचा सहकारी रुडॉल्फ हेस हवाई छत्रीने स्कॉटलंडमध्ये उतरला तोही याच ड्यूकना भेटायचे म्हणून. ईटन, ऑक्सफर्ड, मग वकिली असे लॉर्ड जेम्स यांचे शिक्षण या घराण्याला साजेसेच झाले.

मात्र या घराण्यावर एक जुना डाग आहे. १७०५ ते १७०७ या काळात स्कॉटलंडची जुनी संसद इंग्लंडमध्ये विलीन होऊ घातली होती, तेव्हा विरोधकांचे पुढारीपण चौथ्या ड्यूककडे होते. लोक त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. आणि विलीनीकरणाच्या वाटाघाटी करणारे प्रतिनिधी राणीनेच नेमावेत, हा ठराव त्यांनी स्वतः मांडून आपल्याच लोकांना तोंडघशी पाडले. पुढे सभात्यागाचा बेत ठरला, तेव्हा दाढदुखीचे कारण सांगून त्यांनी ऐनवेळी माघार घेतली. त्यानंतर एडिनबरामध्ये संसद भरायला २९२ वर्षे जावी लागली.

म्हणून १ जुलै १९९९ चा दिवस मला फार बोलका वाटतो. नवी संसद तेव्हा चर्चच्या महासभेच्या दालनात भरत होती. उद्घाटनाला राणी आली, तेव्हा स्कॉटलंडचा राजमुकुट तिच्या पुढे वाहून नेण्याचा मान पंधराव्या ड्यूकचा, म्हणजे लॉर्ड जेम्स यांच्या थोरल्या भावाचा होता. धाकटा भाऊ आत १२९ सदस्यांपैकी एक म्हणून बसला होता. त्या समारंभात रॉबर्ट बर्न्सचे माणसाची किंमत हुद्द्यावर करू नये असे सांगणारे, मिरवणाऱ्या उमरावाची टर उडवणारे गीत गायले गेले आणि शेवटच्या कडव्याला सभागृहाने सूर मिळवला. थोरला भाऊ तेथे जन्माने आला होता, धाकटा मतांनी. एकाच घरातल्या दोन भावांत हे अंतर त्या एका दालनात दिसत होते.

‘मतांनी’ हा शब्द मी जपून वापरतो आहे, कारण इथे एक खोच आहे. १९९७ मध्ये हुजूर पक्षाने स्कॉटलंडमधील एकूण एक खासदार गमावले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील जनमतकौलात या पक्षाने वेगळ्या संसदेला विरोध केला आणि ७४ टक्क्यांहून अधिक मतदारांनी तो फेटाळला. १९९९ मध्ये लॉर्ड जेम्स एडिनबरा वेस्टमधून पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले. सभागृहात आले ते लोदियन विभागाच्या पक्षयादीतून, म्हणजे पक्षाला विभागात मिळालेल्या मतांच्या प्रमाणात भरल्या जाणाऱ्या जागेवर. त्यांच्या पक्षाचे अठराही सदस्य तसेच यादीतून आले. ज्या संसदेला विरोध केला तिच्याच प्रमाणशीर मतपद्धतीने पक्षाला स्कॉटलंडमध्ये जीवदान दिले. यादीतून आलेल्याला मतदार थेट पाडू शकत नाहीत, हा आक्षेप मला रास्त वाटतो. तरी ज्या पक्षाला तेव्हा सुमारे पंधरा टक्के मते होती त्याला एकही जागा मिळू नये, यापेक्षा हे बरे, असेही माझे मत आहे.

तिथे त्यांनी केले काय? १९९९ ते २००१ ते पक्षाचे मुख्य प्रतोद आणि कामकाज व्यवस्थापक होते, म्हणजे संसदेच्या ‘ब्युरो’वर पक्षाचे प्रतिनिधी. हा ब्युरो आपल्या विधिमंडळातील कामकाज सल्लागार समितीसारखा: कोणत्या दिवशी कोणता विषय घ्यायचा, चर्चेला किती वेळ द्यायचा, कोणते विधेयक कोणत्या समितीकडे पाठवायचे, हे तिथे ठरते. नव्या सभागृहात यातले सगळेच पहिल्यांदा ठरत होते. १९७४ पासून तेवीस वर्षे कॉमन्समध्ये आणि त्यातली दहा स्कॉटिश ऑफिसमध्ये, म्हणजे लंडन सरकारच्या स्कॉटलंडविषयक खात्यात, मंत्री म्हणून काढलेल्या माणसाने, पक्षाला नकोशा असलेल्या संस्थेत जाऊन हे नीरस काम मनापासून करावे, याला मी मोल देतो. अडवणूक करणे सोपे होते. पुढे ते शिक्षण विषयाचे प्रवक्ते झाले. सभ्य वागण्यासाठी त्यांना विरोधकांतही मान होता.

याच संसदेने २००० मध्ये सरंजामी जमीनधारा रद्द करणारा कायदा केला आणि २००३ मध्ये गावसमूहांना जमीन विकत घेण्याचा प्राधान्यहक्क दिला. या दुसऱ्या कायद्याला हुजूर पक्षाचा विरोध होता, आणि त्या बाबतीत मी त्या पक्षाच्या बाजूचा नाही. पण ज्या वर्गाच्या जमिनींचा प्रश्न होता त्या वर्गातला माणूस समोर बसून बोलतो, मत देतो, हरतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला येतो, हे सभागृहात घडणे आवश्यक होते.

माझी तक्रार वेगळी आहे. एडिनबरामध्ये आमदार असताना ते उमराव सभेचेही सदस्य राहिले. कायद्याला ते चालत होते, पण १९९४ मध्ये निवडून आलेल्या जागेसाठी अर्लपद सोडणाऱ्याने १९९९ मध्ये नेमणुकीची जागाही बाजूला ठेवायला हवी होती. तसे केले असते तर आधीच्या निर्णयालाही वजन आले असते.

आपल्याकडे संविधानाच्या अनुच्छेद १८ ने किताब संपवले, १९७१ मध्ये तनखे गेले, तरी विधिमंडळात जुन्या संस्थानी घराण्यांतले लोक येतात आणि ‘राजे’, ‘महाराज’ म्हणून बोलावले जातात. त्यांचे वंशवृक्ष पाहण्यापेक्षा त्यांनी किती समित्यांच्या बैठकांना हजेरी लावली, कोणत्या विधेयकावर दुरुस्त्या सुचवल्या आणि पराभवानंतर काय केले, हे आपण विचारायला हवे. लॉर्ड जेम्स यांच्याबाबतीत या प्रश्नांची उत्तरे नोंदींत सापडतात. २००७ मध्ये त्यांनी स्कॉटिश संसद सोडली. गमतीचा भाग असा की १९९७ मध्ये त्यांना हरवणारे लिबरल डेमोक्रॅट डोनाल्ड गॉरी हेही १९९९ मध्ये यादीतूनच त्या सभागृहात आले होते, आणि तेही २००७ मध्येच निवृत्त झाले. लॉर्ड जेम्स यांचे नोव्हेंबर २०२३ मध्ये निधन झाले.