क्वार्टरबॅकला एकट्याला दोषी धरणाऱ्यांसाठी

आज दुपारी एका स्नेह्यांकडे जेवताना अमेरिकन फुटबॉलमधल्या सॅम डार्नॉल्ड या क्वार्टरबॅकचा (पास फेकून संघाची चढाई चालवणाऱ्या खेळाडूचा) विषय निघाला आणि एक गृहस्थ म्हणाले, "जेट्सकडे होता तेव्हा त्याच्यात दमच नव्हता." न्यू जर्सीत राहून, इथेच खेळणाऱ्या जेट्स संघाचे सामने डोळ्यांनी पाहूनही माणसे असे बोलू शकतात, याचा मला मनस्वी संताप आला.

माझा मुलगा हायस्कूलच्या संघात लेफ्ट टॅकल आहे. उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला जी बाजू दिसत नाही, तिकडून धावून येणाऱ्याला थोपवणे हे त्याचे काम. गेल्या मोसमातल्या एका सामन्यात चिखलात त्याचा पाय सरकला, समोरचा गडी बाहेरून वळसा घालून निसटला आणि त्याने क्वार्टरबॅकला पाठीमागून आडवे केले. चेंडू हातातून सुटला. गॅलरीतून ओरडा झाला तो क्वार्टरबॅकच्या नावाने. माझ्या मुलाचे नाव कोणी उच्चारलेसुद्धा नाही.

डार्नॉल्डला जेट्सनी 2018 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) तिसऱ्या क्रमांकावर निवडले आणि पहिल्याच हंगामानंतर त्याचा मुख्य प्रशिक्षक बदलला. 2019 मध्ये पेट्रियट्स संघाकडून 33-0 असा पराभव होत असताना, "मला भुते दिसताहेत" हे त्याचे उद्गार टीव्हीवर ऐकवले गेले आणि देशभर त्याची टर उडवली गेली. ती भुते, म्हणजे अंगावर धावून येणारे गडी, त्याच्यापर्यंत पोहोचू दिली कोणी, हे किती जणांनी विचारले? 2024 मध्ये मिनेसोटाच्या संघात केव्हिन ओ'कॉनेल यांच्यासारखा प्रशिक्षक आणि जस्टिन जेफरसनसारखा रिसीव्हर (पास झेलणारा) मिळताच त्याच माणसाने 17 पैकी 14 सामने जिंकले. पुढे प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) त्याची लाइन, म्हणजे त्याचे रक्षण करणारी पुढची फळी, कोसळली, रॅम्स संघाने त्याला नऊ वेळा सॅक केले (चेंडू फेकण्याआधीच पाडले) आणि संघ 27-9 असा हरला, तेव्हा लोक लगेच पुन्हा "बघा, मी म्हणत होतो ना" म्हणू लागले.

हे नवे नाही. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या नवजात संघाने डेव्हिड कारला पहिल्या क्रमांकावर निवडले आणि त्या एका हंगामात तो 76 वेळा सॅक झाला. नंतर तो 'फसलेला खेळाडू' ठरला. उलट 2008 मध्ये नामवंत क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी पहिल्याच सामन्यात जखमी होऊनही प्रशिक्षक बेलिचिक यांच्या पेट्रियट्सनी राखीव क्वार्टरबॅक मॅट कॅसलला घेऊन 11 सामने जिंकले.

दिग्गज क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगविना 2011 मध्ये कोल्ट्स संघ 16 पैकी 14 सामने हरला, हे मला मान्य आहे. असा खेळाडू पिढीत एखादाच होतो, आणि त्याच्या मापाने प्रत्येक पोराला मोजणे हा अन्याय आहे.

त्या सामन्यात आमचा क्वार्टरबॅक उठला, हेल्मेटच्या जाळीत अडकलेला चिखल त्याने बोटाने काढला आणि सरळ माझ्या मुलाजवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोष कोणाचा, हे त्या दोघांना ठाऊक होते. पुढच्या खेळीआधी प्रशिक्षकांनी शांतपणे एक टाइट एंड (अडवायला मदत करणारा गडी) माझ्या मुलाच्या बाजूला उभा केला, चेंडू लवकर सुटेल असा डाव दिला आणि त्याच क्वार्टरबॅकचा पास अचूक गेला. गॅलरीत मागे बसलेले जे पालक त्याला बाहेर काढा म्हणून ओरडत होते, तेच आता त्याच्या नावाने टाळ्या वाजवत होते. मुलगा तोच होता; बदलले होते ते त्याच्या भोवतीचे.

मी हे आज जेवणाच्या टेबलावर बोलले नाही, कारण यजमानांचा मान राखायचा होता. पण ते गृहस्थ माझ्या मित्रयादीत आहेत, म्हणून इथे स्पष्ट लिहिते: डार्नॉल्डवर बोलायचे असेल, तर त्या वर्षांत जेट्सच्या ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये कोण कोण उभे होते, त्यांतली दोन नावे आधी सांगा.