२५० वॉट दोन्हीकडे, मग फरक कशाचा? : ई-एमटीबीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ई-एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांसाठीची मोटर लावलेली सायकल, यावरच्या माझ्या लेखाला दिलेल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन. कायद्याने मोटर २५० वॉटचीच, मग ४०-५० हजारांच्या हब मोटरवाल्या (चाकाच्या मधोमध मोटर असलेल्या) सायकलीला नावं ठेवून काही लाखांच्या मिड-ड्राइव्हची (पेडलपाशी मोटर असलेल्या सायकलीची) भलामण कशाला? कंपनी ६० किलोमीटर रेंज सांगत असताना 'डोंगरात एका घाटापुरती' असं लिहिणं म्हणजे लोकांना घाबरवणं. आणि महागड्या सायकलीची बॅटरी गेली तर पुढे काय? हा शेवटचा मुद्दा अगदी रास्त आहे, त्याकडे येतोच.

आधी रेंज, कारण तिचा हिशेब कागदावर करता येतो. सिंहगडचा गाडीरस्ता घ्या. गोळेवाडीपासून वाहनतळापर्यंत नऊएक किलोमीटर, चढ सहाशे मीटरच्या आसपास. स्वार आणि सायकल मिळून १०० किलो धरले, तर नुसतं वर न्यायला साधारण १६५ वॉट-तास लागतात. टायरच्या घर्षणाचे आणखी ३५-४०. चाकापाशी झाले २००. तुम्ही ताशी १२ किलोमीटरने, पाऊण तास, सलग १०० वॉटचा जोर लावलात तर त्यातले ७५ तुमचे. उरलेले १२५ मोटरचे. चढावर हब मोटरची कार्यक्षमता ६५-७० टक्के धरली, तर बॅटरीतून १८५ च्या आसपास जातात. ३६ व्होल्ट, ७.५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत असतात एकूण २७०. म्हणजे नऊ किलोमीटरमध्ये दोन तृतीयांश बॅटरी खलास. पेडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर निघालात, तर ती गडावर पोचायच्या आतच संपेल. कंपनीचा ६० चा आकडा सपाट रस्त्याचा आणि मोटरची कमीत कमी मदत (असिस्ट) घेतल्यावरचा असतो.

याच हिशेबातून हेही दिसतं की डांबरी घाटासाठी हब मोटर पुरते. तुमचं फिरणं तेवढंच असेल तर लाखो रुपये घालू नका, हे मी मूळ लेखातही लिहिलं आहे. आणि पाऊण तास सलग १०० वॉट देणं हा चांगला घाम काढणारा व्यायाम आहे, त्यामुळे 'आळशांची चैन' हे तुमचं विशेषण मला पटत नाही.

आता वॉट. नियमातले २५० वॉट म्हणजे मोटर ३० मिनिटं सलग देऊ शकते ती शक्ती. थोड्या वेळाचा जोर वेगळा: बॉशची परफॉर्मन्स लाइन सीएक्स २५० वॉटचीच गणली जाते, पण चढावर ६०० वॉट किंवा त्याच्याही वर जाते. खरा फरक टॉर्कचा, म्हणजे फिरवण्याच्या जोराचा आहे, तोही चाकापाशी मिळणाऱ्या. १५ टक्के चढाच्या, मुरमाड पायवाटेवर १०० किलो वर ढकलायला साधारण १६५ न्यूटन बल लागतं. २९ इंची चाकावर ते जवळपास ६० न्यूटन-मीटर भरतं. हब मोटर देते ४० च्या आसपास. उरलेलं तुमच्या पायांनी द्यायचं, आणि तुम्ही दमलात की वेग ताशी ५-६ वर येतो. इथेच हब मोटर मार खाते. तिला गिअर बदलता येत नाही, चाक जितकं हळू तितकी तीही हळू, आणि निम्म्याहून अधिक वीज उष्णतेत जाते. मग मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलर ती बंद करतो. रोज असंच वापरलं तर आतले नायलॉनचे दाते मऊ पडून झिजतात.

मिड-ड्राइव्ह तुमच्याच गिअरमधून जोर लावते. पुढे ३२ दाती, मागे ५१ दाती चक्र असेल तर मोटरच्या ८५ न्यूटन-मीटरचे चाकापाशी १३५ होतात. ताशी ६ वरही पेडल मिनिटाला ७० च्या आसपास फिरतं, मोटर तिला सोयीच्या वेगात राहते. शिवाय तिच्यात पायाचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर असतो. स्वस्त सायकलीतला कॅडन्स सेन्सर पेडल फिरतंय एवढंच बघतो, त्यामुळे सुट्या खडीवर एकदम धक्का बसून मागचं चाक जागीच फिरतं. अरुंद वळणावर पेडल थांबवल्यावरही क्षणभर जोर चालूच राहतो, तो मला सगळ्यात धोक्याचा वाटतो.

याची किंमत साखळी मोजते. कोकणातल्या तांबड्या चिखलात ती फार लवकर ताणते. चेन चेकरवर (साखळीचा ताण मोजायच्या पट्टीवर) ०.५ टक्के दिसले की १२ स्पीडची (मागे १२ चक्रांची) साखळी बदला. बदलायला उशीर केलात तर कॅसेटही, म्हणजे मागच्या चक्रांचा संचही जातो. गिअर टाकताना पायाचा जोर क्षणभर सैल करा. २२-२५ किलोच्या सायकलीला चार पिस्टनचे ब्रेक आणि २०० मिलिमीटरची डिस्क हवीच, आणि पावसाळ्यात रेझिनऐवजी सिंटर्ड (धातूचे) ब्रेक पॅड.

आता बॅटरी. मिड-ड्राइव्हची बॅटरी त्या कंपनीचीच लागते, गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने सेल बदलले तरी आतलं सर्किट तिला नाकारू शकतं. 'येताना कुणीतरी परदेशातून आणेल' हा मार्गही बंद आहे, कारण प्रवासी विमानात १६० वॉट-तासांवरची बॅटरी नेता येत नाही आणि ई-एमटीबीच्या बॅटरी सहसा ५०० च्या पुढे. म्हणून सुटी बॅटरी भारतात कितीला आणि किती दिवसांत मिळेल, हे विक्रेत्याकडून पैसे भरण्याआधी लेखी घ्या. तसं लिहून द्यायला तो तयार नसेल, तर ती सायकल कितीही चांगली असली तरी घेऊ नका. त्या पैशात उत्तम साधी एमटीबी येते.