गॅसचा सेन्सर लावलाय, पण तो चोवीस तास जागा असतो का?

चोरीसाठी लावलेल्या अलार्मच्या पॅनेलवर एखाददोन झोन (म्हणजे सेन्सरची वायर जोडायच्या जागा) रिकामे असतील, तर तिथे धूर, गॅस आणि पाण्याचे सेन्सर जोडाच. पण जोडणी नीट तपासून घ्या, कारण बहुतेक घोळ तिथेच होतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे गॅसचा सेन्सर दार-खिडक्यांसारख्या साध्या झोनवर टाकणं. असा झोन अलार्म 'आर्म' केल्यावरच, म्हणजे पहाऱ्यावर लावल्यावरच, जागा होतो. म्हणजे घरात माणसं स्वयंपाक करत असताना गॅस गळला, तर पॅनेल गप्प! या सेन्सरांना प्रोग्रॅमिंगमध्ये '२४ तास' झोनच द्यायचा.

दुसरी चूक रेझिस्टरची, म्हणजे वायर शाबूत आहे हे पॅनेलला कळावं म्हणून जोडायच्या छोट्या भागाची. तो वायरच्या शेवटच्या टोकाला, सेन्सरपाशी बसवायचा असतो. सोपं पडतं म्हणून पुष्कळदा तो पॅनेलमध्येच जोडतात. मग मधे वायर तुटली तरी पॅनेलला सगळं ठीकच दिसतं.

एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून सेन्सर जमिनीपासून ३० सेंमीच्या आत. पाइपचा नैसर्गिक वायू हलका, त्याचा सेन्सर छताखाली तेवढ्याच अंतरात. धुराचा सेन्सर स्वयंपाकघरात नको, फोडणीने तो रोज वाजेल आणि कोणीतरी वैतागून काढून ठेवेल. तिथे उष्णतेचा लावा. चार वायरींच्या धुराच्या सेन्सरला वीज पॅनेलच्या रीसेट होणाऱ्या (रीसेट करताना क्षणभर वीज तोडणाऱ्या) आउटपुटवरूनच द्या. नाहीतर एकदा वाजल्यावर तो तसाच अडकून राहतो. पाण्याचा सेन्सर सिंकखाली, जमिनीला टेकवून. बस्स.

वीज गेल्यावर पॅनेल चालवणाऱ्या बॅटरीचा हिशोब मात्र नव्याने करा. गॅसचा सेन्सर सतत वीज खातो. समजा एक १५० मिलिअँपिअर घेतो, तर दोन सेन्सरांचे ३००. ७ अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर २३ तास चालेल. पॅनेलची स्वतःची भूक आणि बॅटरीचं वय धरलं, तर त्याहून बरीच कमी.

लायटरचा गॅस थेट मारून सेन्सर तपासू नका, त्या झोताने त्याचं माप बिघडू शकतं. टेस्टचं बटण दाबा आणि सेन्सरवर छापलेली मुदत संपली की तो बदला.

आणि गॅसचा आवाज चोरीच्या सायरनहून वेगळा ठेवा. हे मी हात जोडून सांगतो. रात्री सायरन ऐकला की माणूस आधी दिवा लावतो, आणि गॅस साठलेल्या खोलीत बटणाची तेवढी ठिणगी पुरते. दिवा नाही, एक्झॉस्ट पंखाही नाही. रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या आणि सगळे बाहेर. फोनही बाहेर गेल्यावरच.